सहावा बोल्ट

कारखान्यातून घरी आला की फिटर आधी दाराच्या चौकटीला डावा हात टेकायचा, क्षणभर तसाच उभा राहायचा आणि मग एकेक करून पायातले बूट उतरवायचा. इतक्या वर्षांत चौकटीवर त्या जागी तेलकट काळा पंजा उमटला होता. बायकोनं तो आधी फडक्यानं पुसून पाहिला, मग साबणानं घासून पाहिला आणि शेवटी नाद सोडला. बूट निघाले की त्याच्या तोंडून 'हुश्श' बाहेर पडायचं, आणि ते ऐकल्यावरच ती चहाचं आधण ठेवायची.

चहा झाला की तो मागच्या शेडमध्ये जायचा, कारण तिथं गेली अकरा वर्षं एक विमान तयार होत होतं. एकट्या माणसापुरतं, मोटारीचं जुनं इंजिन बसवलेलं, पंखांवरचं कापड बायकोनं स्वतःच्या मशीनवर शिवलेलं. गल्लीतले लोक त्याला पायलटसाहेब म्हणायचे. 'काय पायलटसाहेब, कुठवर आलं विमान?' असं कुणी विचारलं की तो 'शेडच्या दारापर्यंत' म्हणायचा. सुरुवातीची काही वर्षं या उत्तराला तीही हसली. पण हल्ली तो इतका दमून जायचा की जेवताना हातात घास धरून डोळे मिटायचा, आणि तिला दया येण्याऐवजी राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःचीच लाज वाटायची. एकदाचं संपू दे हे, असं ती मनातल्या मनात रोज म्हणत होती.

घोडं अडलं होतं प्रोपेलरपाशी. नवा घेणं आवाक्याबाहेरचं, म्हणून दुसऱ्यांचे वापरलेले दोन आणून झाले. पहिल्याच्या पात्यांना पीळ इतका जास्त की इंजिनाला तो फिरवता फिरवेना, धापा टाकून ते बंद पडायचं. दुसऱ्याला पीळ इतका कमी की इंजिन मोकाट सुटायचं. त्यात तबकडीची भानगड होतीच. प्रोपेलर ज्या पोलादी तबकडीवर बसतो, तिला सहा बोल्टांसाठी सहा भोकं. अकरा वर्षांपूर्वी ती पाडताना तबकडी बायकोनं दाबून धरली होती, आणि नेमकी सहाव्या भोकाला तिला शिंक आली. ड्रिल दीड मिलिमीटर सरकलं. त्यानं वर पाहिलं, 'असू दे' म्हणाला, आणि त्यानंतर तो विषय जन्मात कधी काढला नाही. प्रोपेलर आणला की त्याचं सहावं भोक तो मुकाट्यानं कानशीनं घासून तिरकं करायचा. ती ते खिडकीतून पाहायची. तिला तिच्या आईनंसुद्धा कधी इतकं सांभाळून घेतलं नव्हतं.

तिसऱ्या प्रोपेलरची खबर लागली तेव्हा ते दोघं एका रविवारी सकाळी मित्राचा टेम्पो घेऊन निघाले. ती बरोबर गेली ती एवढ्याचसाठी, की गाडी चालवताना त्याला डुलकी लागू नये म्हणून कुणीतरी बडबड करायला हवं होतं.

घर त्यांच्याच घरासारखं होतं, मागे शेड असलेलं. सगळ्या घराला ताजा रंग दिला होता, पण दाराच्या चौकटीवर खांद्याएवढ्या उंचीला वीतभर जागा तशीच मळकट, काळी राहिली होती. रंगाऱ्यानं अंगचोरपणा केलाय, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात घरमालक प्रोपेलर खांद्यावर घेऊन शेडमधून आला, दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत, शीळ घालत. वयानं फिटरएवढाच असावा, पण चेहरा असा ताजा की जणू नुकतीच कुठून तरी महिनाभराची सुट्टी काढून आलाय.

फिटरनं बरोबर आणलेली कागदाची गुंडाळी सोडली. घरच्या तबकडीवर कागद ठेवून, पेन्सिल घासून त्यानं भोकांचा ठसा घेतला होता. तो कागद त्यानं प्रोपेलरच्या लाकडी बुंध्यावर पसरला आणि एकेका भोकातून पेन्सिल घालत गेला. पाच भोकं जुळली, त्यात नवल नव्हतं. पण सहाव्यातूनही पेन्सिल सरळ आत गेली. तो वाकलेला तसाच राहिला. कागद एक भोक पुढे फिरवून पाहिला, तर जुळेना. पुन्हा पहिल्यासारखा ठेवला, तर जुळला.

"हे भोक असं कसं सरकलं?" त्यानं विचारलं.

"असेल काहीतरी," घरमालक हसून म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही हो."

"पण विमान तुम्हीच बांधलंत ना?"

"हो, ही म्हणते तसं," तो दारात उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे मान वळवून म्हणाला.

फिटरनं बायकोकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "नशीब म्हणायचं," तो पुटपुटला. "घासायचं काम वाचलं."

घरमालकाच्या बायकोनं हिला पाणी प्यायला आत बोलावलं. स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात शिवणाचं मशीन होतं, झाकून ठेवलेलं.

"जुळली का भोकं?" त्या बाईनं विचारलं.

"जुळली. सहावंसुद्धा."

बाईचा हात नळावरच थांबला. पेला भरून वाहायला लागला.

"आमची तबकडी मी धरली होती," ती म्हणाली. "शिंक आली मला."

हिला आधी हसूच फुटलं, 'अगं बाई, मलाही!' असं म्हणायला तिनं तोंडही उघडलं, पण त्या बाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, म्हणून तिनं नळाखालचा पेला उचलून पाण्याचा घोट घेतला.

"उडवलं होतं का त्यांनी?"

"एकदाच. अर्ध्या तासात खाली उतरले. काही झालं नाही." बाईनं नळ बंद केला. "तुमचे हे फार थकतात का हो?"

"थकतात म्हणजे! जीव नकोसा करतात."

"थकू द्यात," बाई म्हणाली.

बाहेर तो माणूस एकटाच प्रोपेलर उचलून टेम्पोत चढवत होता. फिटर बाजूला गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता, नुसतं बघूनच दमल्यासारखा. खोटं कशाला बोला, त्या घटकेला तिला वाटलं की आपलाही नवरा असा असता तर किती बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर ती गोष्ट चार-पाच वेळा तिच्या ओठांवर आली. पण सांगणार काय? त्या बाईलाही शिंक आली होती म्हणून? तो हसला असता. आणि अडवलं असतं, तर पुन्हा शेड, पुन्हा कानस, पुन्हा हातात घास आणि मिटलेले डोळे. त्याला डुलकी लागू नये म्हणून भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिली.

प्रोपेलर बसला तो जन्मापासून तिथलाच असल्यासारखा. मधून दांडा घालून तोलून पाहिला, तर पातं जिथं सोडावं तिथंच थांबलं. दोन्ही टोकं एका रेषेत फिरतात का पाहिलं, तर काडेपेटीच्या काडीएवढाही फरक नाही. सहाही बोल्ट हातानं आत गेले. इंजिन पूर्ण वेगात सोडलं तेव्हा फेरे मोजणाऱ्या घड्याळाचा काटा चढत चढत बरोबर त्या रेघेवर येऊन थांबला, जी त्यानं आठ वर्षांपूर्वी काचेवर पेन्सिलनं ओढून ठेवली होती. इंजिन बंद करून तो जमिनीवरच बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"झालं गं," तो म्हणाला. "संपलं एकदाचं."

उड्डाणाच्या दिवशी सकाळी मैदानावर त्यानं विमानात चढण्याआधी तिच्या खांद्यावर डावा हात टेकला. सगळं वजन टाकून, चौकटीवर टाकायचा तसं. 'हुश्श' म्हणाला. तिला त्याच्या मनगटावरच्या ऑइलचा वास आला. 'नका जाऊ' हे दोनच शब्द होते.

"लवकर या," ती म्हणाली.

विमान उठलं, त्यानं मैदानावरून दोन फेऱ्या मारल्या, आणि तिसऱ्या फेरीला ते उन्हाच्या तिरिपीत दिसेनासं झालं. तिनं डोळ्यांवर हात धरला. मग ते पुन्हा दिसलं, सरळ खाली आलं आणि अलगद टेकलं. फिटरनं पंखावरून खाली उडी मारली.

"काय मजा आली!" तो म्हणाला.

घरी आल्यावर ती आधी आत गेली आणि गॅसपाशी पातेलं धरून उभी राहिली. तो दारात आला. चौकटीच्या बरोबर मधोमध एका पायावर उभा राहिला, कशालाही हात न लावता एक बूट काढला, मग दुसऱ्या पायावर उभा राहून दुसरा. आणि शीळ घालत आत आला. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

दोन दिवसांनी त्यानं शेडमधून हाक मारली. प्रोपेलर उतरवून ठेवला होता.

"अगं, या तबकडीचं सहावं भोक सरकलंय बघ. कुणी पाडलं असेल असं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तोच चेहरा, भुवईवरचा ठिणगीचा डागसुद्धा तोच.

"मी धरली होती तबकडी," ती म्हणाली. "शिंक आली मला."

"हो का!" तो म्हणाला, शेजारच्या घरातली बातमी ऐकावी तसा, आणि हसला.

पुढच्या रविवारी त्यानं घर रंगवायला काढलं. सकाळपासून एकदाही बसला नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. दुपारपर्यंत भिंती झाल्या, खिडक्या झाल्या, आणि तो डबा घेऊन दाराच्या चौकटीपाशी आला.

"हे काळं कसलं गं?" त्यानं विचारलं. "कुणाचा हात आहे?"

ती धावत आली आणि चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"तेवढं सोडा," ती म्हणाली.

त्यानं 'का' म्हणून विचारलं नाही. ती बाजूला होईपर्यंत थांबला, मग ब्रश रंगात बुडवला आणि त्या पंजाला वळसा घालून, शीळ घालत वर गेला.