मानाच्या जागेवरची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. अक्रोडाच्या लाकडाची, अल्माटी शहरातल्या एका खाण-कंपनीची. आमच्याकडे दारासमोरची, सगळ्यात आतली जागा मानाची. तिथे वडीलधाऱ्यांनीच बसायचं. ती जागा माझी होती, म्हणून मी काय मिरवायची!

कंपनी शेअर बाजारात गेली आणि लेखापरीक्षण समिती आली. साहेबांच्या माघारी तपासनिसांना हिशेब आणि धोके विचारायचे, हे तिचं काम. तिच्या प्रमुख मार्झिया अपाय; आमच्या भाषेत अपाय म्हणजे ताई. कंपनीचे अध्यक्ष ओराझबेक अगा, म्हणजे थोरले दादा, समितीत नव्हते. पण चहाला म्हणून यायचे आणि माझ्यावर बसायचे.

त्या दिवशी बाहेरचा तपासनीस खाणीचा गाळ अडवणाऱ्या बांधाबद्दल सांगणार होता. बांधाखालीच अपायांच्या बहिणीचं गाव.

जर्मन सभासद ऊवे त्यांच्या कानाशी लागले. "अपाय, लंडनला अशा वेळी साहेबांना बाहेर पाठवतात. जपानात तपासणाऱ्यांना मतदानाचा हक्क नसतो, पण ते संचालकांच्या तोंडावर बोलतात. आमच्याकडे तर कामगारांचा माणूसच टेबलाशी बसतो, तो कुणाची भीड धरत नाही. तुमच्याकडे काय?"

"नियम लंडनसारखाच आहे हो. पण अगांना उठा म्हणायचं? जीभ झडेल माझी!"

"काय गं पोरी, कसली कुजबुज?" अगा हसले. "हे तळलेले बाऊरसाक खा आधी, गार होतायत."

तपासनिसाने अगांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "बांध ठीक आहे," तो म्हणाला.

वसंतात बर्फ वितळलं आणि बांध फुटला. गाव गाळाखाली गेलं. बहीण गेली. त्याच गावात मेजवानीला गेलेले अगाही गेले.

तेव्हापासून माझ्यावर कुणी बसत नाही. तरी बैठक भरली की भर दुपारी माझी गादी दबते आणि ओली होते. हातांवर करडा गाळ चढतो. माझ्यापुढे चहा ठेवतात, आणि तो संपतो. मला भीती वाटते हो, पण खुर्चीला पळता कुठे येतं?

आत्ताही बैठक चालू आहे. विषय दुसऱ्या बांधाचा आहे. त्याखालीही गाव आहे, चुली पेटलेल्या आहेत.

मित्रांनो, थोरांना मान जरूर द्या, पण त्यापायी प्रश्न गिळू नका. अपायांचे ओठ हलतायत, आवाज फुटत नाही. तपासनीस माझ्याकडे पाहतोय. कुणीतरी म्हणा ना, "अगा, जरा बाहेर बसा"! लवकर म्हणा. त्याने मान खाली घातली.