पाहुणीचं तोंड

पहिल्या दिवशी ती माझ्या खुर्चीत बसली, तेव्हाच माझं डोकं फिरलं. खुर्ची म्हणजे काही सिंहासन नव्हतं, एक पाय तुटका, त्याखाली मीच विटेचा तुकडा सरकवलेला. पण शाळेची ती कॉम्प्युटरची खोली मी उभी केली होती. भंगारात निघालेल्या मशिनी पुसून चालू करणारी मी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलणारी मी. आणि ही परदेशातून आलेली बाई, पाठीवर गाठोड्याएवढी सॅक, आयत्या बिळावर नागोबा.

मुख्याध्यापकांनी मला व्हरांड्यात बोलावलं. म्हणाले, "या एका संस्थेच्या स्वयंसेविका आहेत. वर्षभर शिकवणार, एक छदाम घेणार नाहीत."

"मग मी काय करू?"

"त्यांना आपली भाषा येत नाही, तुम्हाला त्यांची येते. त्या बोलतील, तुम्ही मुलांना सांगा."

लग्नाआधी मी शहरात एका कंपनीत फोनवर परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचे. त्यांच्या शिव्या खाऊन खाऊन भाषा शिकले. ती विद्या अशी अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

माझी जागा कंत्राटी. दरवर्षी शाळेच्या समारंभात समितीचे अध्यक्ष ती पुढच्या वर्षासाठी जाहीर करतात, तेव्हा कुठे जिवाचा घोर मिटतो. आमचे हे बांधकामावर परांचीवरून पडले तेव्हापासून घरीच आहेत, चूल माझ्या पगारावर पेटते. त्या संध्याकाळी हे म्हणाले, "फुकटची मिळाल्यावर विकतची कोण ठेवतो?" मला यांचाच राग आला, कारण खोटं बोलले नव्हते. रात्री भाजीत मीठ टाकायचं राहिलं.

वर्ग सुरू झाला. ती हात पसरून सांगायची, "मुलांनो, कॉम्प्युटर ही तुमच्या स्वप्नांची खिडकी आहे." मी मुलांना सांगायचे, "बंद करण्याआधी फाइल सेव्ह करा, नाहीतर मेहनत पाण्यात." ती म्हणायची, "चुकायला घाबरू नका." मी म्हणायचे, "न विचारता जो काही डिलीट करील तो दिवसभर बाहेर उभा राहील." मुलं माना डोलवायची, की ही खूश. मोबाइल काढून फोटो घ्यायची, त्यात मी नेहमी अर्धी कापलेली. तिचं वाक्य एक, माझी पाच. एक आगाऊ पोरगी म्हणालीच, "बाई, त्या तर एवढंच बोलल्या."

"त्यांच्या भाषेत शब्द कमी लागतात," म्हटलं.

मुलं बेरकी. चार दिवसांत गावभर झालं की बाई पदरचं घालतात. किराणावाला सुद्धा साखर देताना विचारायचा, "आज पाहुणी काय म्हणाली, आणि तुम्ही काय म्हणालात?" हसू दिलं. मलाही त्यात मजा यायची, कशाला नाकारू?

बाई मूर्ख नव्हती, हे सांगायला माझ्या जिवावर येतं. एकदा शाळा सुटल्यावर तिनं विचारलं, "मी थोडंच बोलते. तुम्ही एवढा वेळ काय सांगता?"

"शिकवते."

वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, माझीही सगळी तयारी होती. पण दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि मुलांसारखी टिपणं काढायला लागली. खुर्ची मला परत मिळाली. त्यानं माझा आणखीनच तिळपापड झाला, कारण बाहेर नाव तिचंच होतं. मुख्याध्यापक येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतून दाखवायचे, "ही आमची पाहुणी."

वर्षाखेरच्या समारंभाला पटांगणात मांडव पडला. मुलांनी गावातल्या विहिरींचा नकाशा केला होता, कुठली आटते, कुठलीला कठडा नाही, सगळं पडद्यावर. कोण कुठल्या विहिरीपाशी अडून रडलं होतं ते मला माहीत. टाळ्या पाहुणीला. हे पहिल्या रांगेत काठी धरून बसले होते, माझ्या जागेचं ऐकायला.

अध्यक्षांची पिठाची गिरणी आहे. माइकवर सुद्धा ते गिरणी चालू असल्यासारखे ओरडतात. "या देवमाणसानं वर्षात आपली पोरं कुठल्या कुठं नेली. यांच्या संस्थेनं कबूल केलंय, दरवर्षी अशी एक पाहुणी येणार, फुकट. म्हणून ती कंत्राटी जागा आम्ही बंद करतोय. बाई, सांगा त्यांना त्यांच्या भाषेत, आभारासकट."

मी तिला सांगितलं, शब्दाला शब्द. वर्षभरात पहिल्यांदा पदरचं काही घातलं नाही.

तिचा चेहरा उतरला. तिनं माइक ओढून घेतला आणि तिच्या भाषेत बोलली. मग माइक माझ्यापुढे धरला.

मी म्हणाले, "त्या म्हणतात, मुलांना मी शिकवलंच नाही. शिकवलं ते या बाईंनी, मी मागच्या बाकावर बसले होते. यांची जागा गेली तर आमच्या संस्थेनं इथे कुणाला पाठवू नये, असं मी कळवणार आहे."

मग मागून कुणीतरी खिदळलं, "घातलं, बाईंनी पदरचं घातलं." सगळा मांडव हसायला लागला. ती आगाऊ पोरगीही हसली.

"शप्पथ सांगते, त्या असंच म्हणाल्या," मी म्हणाले, तर आणखी हसले.

"बाई, पोटाचा प्रश्न आहे, समजतो मी," मुख्याध्यापक म्हणाले. "पण पाहुणीच्या तोंडी आपलंच कौतुक घालायचं म्हणजे जरा अति होतं."

मी पहिल्या रांगेत यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली होती. यांनाही खरं वाटलं नव्हतं.

पाहुणी माझी बाही ओढत होती. "काय म्हणाले? हसतात का सगळे?"

मी माइक टेबलावर ठेवला आणि पायऱ्या उतरले. हे काठी चाचपत उठायला लागले, पण मी थांबले नाही. मागे अध्यक्ष तिला बहिऱ्याला विचारावं तसं काहीतरी ओरडून विचारत होते. ती एकेक शब्द तोडून उत्तर देत होती. दोघांनाही काही कळेना, तेव्हा दोघंही मला हाका मारायला लागले.

बोला म्हटलं आता, फुकटात.