गाळलेले हेलकावे

गुंडी तीन वर्षांची होत आली तरी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आईच्या जिवाला तोच घोर लागला होता. उद्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. आज सासूबाईंचे गुडघे धरले, म्हणून तिनं पोरीला वेधशाळेतच आणलं आणि रंगीत ठोकळे देऊन टेबलाखाली बसवलं. गुंडीची गुणगुण सुरू झाली की ती सवयीनं म्हणायची, "गप गं, काम करू दे."

पडद्यावर सूर्याच्या एका काळ्या डागाच्या वरच्या थरातल्या हालचालींची नोंद होती. सर मागे येऊन उभे राहिले.

"एवढी गुळगुळीत? इस्त्री फिरवलीस की काय?"

"संथ हेलकावे होते, सर. दुर्बीण हलली असणार. गुरुत्वाकर्षणामुळे वर वर वायू विरळ होत जातो, संथ लाटा खालूनच माघारी वळतात. इतक्या वर येतीलच कशा? गाळून टाकले."

"सरळ वर निघालेल्या वळतात. डागाच्या कडेला चुंबकीय क्षेत्र कसं आहे?"

कडेला ते चांगलंच कललेलं होतं. कललेल्या रेषेवरून चढणाऱ्या लाटेला गुरुत्वाचा अडसर कमी होतो, हे तिला तोंडपाठ होतं. तिनं गाळलेलं सगळं परत आणलं. हेलकावे नेमके कडेवरच होते, बाकी कुठेच नव्हते. दुर्बीण हलली असती तर सगळीकडे दिसले असते.

"माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"येणारच नाहीत असं धरून बसलीस ना."

टेबलाखाली पुन्हा गुणगुण सुरू झाली. "गप" तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"घरीही असंच," ती हळूच म्हणाली. "भिंतीशी, फ्रिजशी गुणगुणत असते. समोर बसवून 'आई म्हण' म्हटलं की ओठ घट्ट."



ती खुर्चीवरून खाली उतरली आणि गुंडीकडे पाठ करून फरशीवर बसली. पहिल्यांदाच नीट कान दिला. ला, नी, ला, नी. मान जराशी वळवून पाहिलं, तर ठोकळ्यांची ओळ लागत होती. लाल, निळा, लाल, निळा.

निळ्यानंतर आईनं मुद्दाम निळाच ठोकळा मागे गुंडीकडे सरकवला. गुणगुण थांबली.

"ला," गुंडी म्हणाली, तिच्याकडे न बघता.

तिनं लाल दिला. डोळे भरून आले, पण पुसायला हात उचलला नाही. हललं तर सगळंच थांबेल, असं वाटत होतं. सर पावलांचा आवाज न करता निघून गेले.