अठराचा कागद

काराकोल शहरातल्या एका खाजगी लॅबमध्ये मी रक्त काढते. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत आमच्या थोरल्या जाऊबाईंनी, अनारकानने, माझं काही ऐकलं असेल तर शपथ! एकदाच ऐकलं, आणि तेच ऐकायला नको होतं.

आठ मार्चला, महिला दिनाला, आमच्याकडे बायकांना भेट द्यायची असते. दरवर्षी मी शाल देते. यंदा लॅबनं सणासाठी तपासण्यांचं पॅकेज काढलं, आम्हा नोकरमाणसांना अर्ध्या किमतीत. डॉक्टरची चिठ्ठी नको, काही नको. आमच्याकडे लोक कॅन्सरची रक्ततपासणी बेकरीतून केक आणावा तशी घेऊन जातात. मी जाऊबाईंच्या हातात गुलाबी पाकीट ठेवलं आणि वर अक्कल पाजळली, "रक्तात सगळं कळतं. रक्त खोटं बोलत नाही." स्तनाच्या कॅन्सरचा आकडा आला अठरा. तीसच्या आत असला म्हणजे ठीक. बाईसाहेबांनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून आरशाला लावला. येईल त्याला आधी कागद, मग चहा.

मे महिन्यात एका शनिवारी आम्ही दोघी गावच्या सार्वजनिक वाफेच्या न्हाणीघरात होतो. वाफेत मी त्यांची पाठ घासत होते. त्या वळल्या, तर डाव्या स्तनाची कातडी आत ओढलेली. हात लावून पाहिलं. जर्दाळूच्या बीएवढी टणक गाठ.

"जाऊबाई, हे काय?"

"काय असणार? गाईनं लाथ मारली."

"गाईनं? इथे?"

"मग काय, तुला विचारून मारायची?"

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चला. फोटो काढतात, सुई घालून बघतात."

"कशाला? माझे अठरा आहेत."

झालं! जून गेला, जुलै गेला, गवत कापून झालं, जर्दाळूचा मुरांबा झाला, आणि यांचं आपलं एकच पालुपद, अठरा. मी समजावून समजावून थकले. म्हटलं, तो आकडा ज्यांचा आजार आधीच ठरलाय त्यांच्यासाठी असतो, औषध लागू पडतंय का ते बघायला. सुरुवातीला गाठ असूनही कितीदा तो ठीकच येतो.

"म्हणजे तुझी लॅब लोकांना फसवते?"

"नाही हो!"

"मग अठरा खोटे?"

"अठरा खरेच, पण..."

"पण काय? एवढी शिकलीस, एक वाक्य धड पुरं करता येत नाही."

दगडावर डोकं आपटावं तर दगड निदान गप्प तरी बसतो. वर गावातल्या तीन बायका लॅबमध्ये माझ्या खिडकीशी हजर, "अनारकानसारखा कागद आम्हालाही काढून दे."

ऑगस्टमध्ये गाठ वाढल्याचं ब्लाउजवरूनही दिसायला लागलं. एका सकाळी जाऊबाई स्वतःच लॅबमध्ये आल्या. मागे रांग उभी असताना खुर्चीत बसल्या, बाही वर केली आणि हात पुढे केला.

"काढ पुन्हा. तीसच्या वर आले तर मुकाट येते डॉक्टरकडे. अठरा आले तर तुझी कटकट बंद."

मी सुई ट्रेमध्ये ठेवून दिली.

"नाही काढत."

"का? हरशील म्हणून?"

माझा संयमच सुटला. "परत अठरा आले तर तुम्ही मराल म्हणून! कळतंय का? मला काही अक्कल नव्हती. शालीपेक्षा स्वस्त पडलं म्हणून दिलं ते पाकीट. रक्त खोटं बोलत नाही म्हणे! मीच बोलले खोटं. मिळालं समाधान?"

मला वाटलं, आता स्वस्ताईवरून जन्मभर टोमणे ऐकावे लागणार. जाऊबाईंनी हळूच बाही खाली केली.

"गाठ मला हिवाळ्यातच लागली होती, झूरा."

"काय?"

"फेब्रुवारीत. कुणाला बोलले नाही. रात्र-रात्र झोप नव्हती. शेवटी मोठ्या दवाखान्यात नंबर लावला, पंधरा मार्चचा. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. आणि आठला तू ते पाकीट दिलंस."

मी ट्रे बाजूला सारला.

"कागद आला त्या दिवशी आरशासमोर बसून रडले मी, सुटले म्हणून. पंधराला गेलेच नाही."

पाच महिने. स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या मला. एवढे दिवस मी या बाईला हट्टी म्हणत होते, आणि जायला निघालेल्या बाईला दारातून मागे फिरवलं होतं ते मीच.

जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार पडली होती.

"मार्चमध्ये एकटीनं जायची हिंमत होती गं," त्या म्हणाल्या. "आता नाही. तू चल."

रांगेतली पुढची बाई खुर्चीशी येऊन उभी राहिली होती. मी हातमोजे काढले आणि पायताण घालायला गेले.