पाखराच्या नाकातलं मीठ

अनुजाची पाठ फिरली ती दोरीवरचे कपडे काढण्यापुरती. तेवढ्यात तिच्या अडीच वर्षांच्या लेकीनं, क्रांतीनं, खोक्यात वाकून त्या पाखराच्या डोक्याचा मुका घेतला.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. कोकणच्या किनाऱ्यावर दोन दिवस वादळ घोंघावत होतं आणि त्याच्या वाऱ्यानं इकडे घाटावर उचगावातसुद्धा गल्लीतले दोन पत्रे उडाले होते. सकाळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं हे पाखरू पडलेलं सापडलं. बुलबुलाएवढं, काळपट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. अनुजाच्या सासूबाईंनी, शालूबाईंनी, ते पदरात उचलून चपलांच्या खोक्यात ठेवलं. पाखराला उभं राहता येईना. ते घोट्यांवर बसून पुढं सरकायचं. शालूबाईंनी पाय मोडल्याचा निकाल देऊन दोन्ही पायांना हळदीचा लेप लावला. वर ड्रॉपरनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, चांगलं दोन-तीनदा. जुलाब असो, ऊन लागलेलं असो, त्यांच्या घरात पहिला उतारा हाच.

तासाभरात पाखराच्या नाकातून पाणी गळायला लागलं. चोचीच्या टोकाशी थेंब जमायचा, मान झटकली की उडायचा. आणि दहाच्या सुमाराला क्रांती शिंकली. एकदा नाही, लागोपाठ तीनदा.

अनुजानं पोरीला उचलून कडेवर घेतलं. पलीकडच्या एका गावात रोग पडून कोंबड्या पुरल्याची बातमी आठवड्यापूर्वीच गल्लीत फिरली होती. ती खरी की खोटी कुणालाच ठाऊक नव्हतं. पण अनुजानं फोनवर पक्ष्यांच्या तापाबद्दल, बर्ड फ्लूबद्दल, मिळेल ते सगळं वाचून काढलं होतं, आणि नाक गळणारं पाखरू आता तिच्याच घरात होतं. तिनं पोरीचे तोंड-हात साबणानं धुतले, खोकं गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवलं आणि थर्मामीटर काढला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. अकरा वाजेपर्यंत पाच वेळा झालं.

‘‘त्या यंत्रालाच ताप भरंल आता,’’ शालूबाई म्हणाल्या. ‘‘पोरगी चांगली खेळतीया की. तुझंच त्वांड उतरलंय.’’

नवऱ्याला, अमरसिंहला, फोन लावला तर तो फौंड्रीत शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये. अनुजा बी.एस्सी. झालेली. पहिल्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या कुलसुम मॅडमचा नंबर तिच्याकडं अजून होता. संकोच बाजूला ठेवून तिनं पाखराचा फोटो पाठवला आणि खाली सगळं लिहिलं, मुक्यापासून शिंकेपर्यंत.

मॅडमचा फोन दोन मिनिटांत आला. त्यांनी आधी पोरीला ताप आहे का, दूध पिते का, दम लागतो का, एवढंच विचारलं. मग पाखराच्या चोचीजवळ नीट बघायला सांगितलं. अनुजा तोंडावर ओढणी बांधून जिन्यात गेली. चोचीवर, बुडाशी, बारीकशी नळी होती. थेंब तिथूनच येत होता.

‘‘पाटी आहे घरात?’’ मॅडमनी विचारलं. ‘‘स्वच्छ पूस. थेंब तिच्यावर पडू दे आणि वाळव. मी फोनवरच थांबते.’’

क्रांतीची काळी पाटी खोक्यात चोचीखाली धरली. तीन थेंब पडले. गॅसवरून नुकताच उतरवलेला कुकर होता. त्याच्या उबेला पाटी टेकवून अनुजा बघत उभी राहिली. थेंब आकसत गेले आणि काळ्या पाटीवर पांढरी बारीक कणी उरली.

‘‘पांढरं काहीतरी राहिलंय, मॅडम.’’

‘‘मीठ आहे ते. हे समुद्रावरचं पाखरू, वादळपक्षी. पितं समुद्राचंच पाणी आणि जास्तीचं मीठ नाकावाटे टाकतं. सर्दी नाही ती. पण इतकं गळतंय म्हणजे... काही खारट पाजलंत का?’’

अनुजानं सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाईंनी छताकडं पाहिलं.

पाय मोडलेला नव्हता. दक्षिणेकडच्या बर्फाळ बेटांवर अंडं घालण्यापुरतं हे पाखरू जमिनीवर येतं. एरवी सगळा जन्म पाण्यावर, म्हणून त्याला उभं राहून चालणं जमतच नाही, असं मॅडम सांगत होत्या. तेवढ्यात शालूबाई जोरात शिंकल्या. मागोमाग अनुजा.

दोन्ही शिंका मॅडमना फोनवर ऐकू गेल्या.

‘‘अनुजा, डंकावरनं चटणी कुटून आणली का गं आज?’’

सकाळीच आणली होती. लाल मिरचीची, पाच किलो. स्वयंपाकघरात कागदावर पसरून निवत ठेवली होती आणि वरनं पंखा सोडला होता. सगळं घर सकाळपासून शिंकत होतं. अनुजानं मोजल्या होत्या त्या फक्त पोरीच्या शिंका.

ती कुकरशेजारीच खाली बसली. हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही, त्यातलं चटणीचं किती कोण जाणे. मॅडमनी मात्र बजावलं, की पाखरू ठणठणीत आहे अशी शपथ त्या फोनवरून घेणार नाहीत. हात धुवायचे, चार दिवस लक्ष ठेवायचं, ताप आलाच तर डॉक्टर. वनखात्याला त्या स्वतः कळवतील.

दुपारी वनरक्षक यायच्या आधी शालूबाईंनी लेप धुतला. पाय काळे निघाले, पण बोटांमधला पातळ पडदा काही केल्या पिवळाच. ‘‘हळद लई चांगली व्हती, निघंना बघ,’’ त्या म्हणाल्या. तो रंग पाखराचाच आहे, हे अनुजाला मॅडमनी सांगितलं होतं. तिनं ते सासूबाईंना सांगितलं नाही. खोकं देताना शालूबाईंनी वनरक्षकाला बजावलं, ‘‘पावणं, खड्ड्यातनं हळू न्या.’’

तिसऱ्या दिवशी मॅडमनी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा व्हिडिओ पाठवला. पाखरू लाटांच्या अगदी वरून चाललं होतं, लांब पाय पाण्याला टेकवत, जणू पायरी पायरी उतरत. क्रांतीनं स्क्रीनचा मुका घेतला. अनुजानं घेऊ दिला.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं ताप मोजला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. थर्मामीटर कपाटात, वरच्या फळीवर, मागं सरकवून ठेवला. मग आमटीसाठी चटणीच्या बरणीचं झाकण काढलं आणि तिलाच सणसणून शिंक आली.

‘‘बघू,’’ शालूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. ‘‘न्हाय. कुणाचा मुका घेतलावतास?’’