मागच्या पानावरचं निवेदन

आमचे हे वॉरंटीच्या कंपनीत दावे तपासतात. तपासतात म्हणजे नामंजूर करतात. मंजूर करायला माणूस कशाला लागतो, असं त्यांचंच म्हणणं. कुणाचा फ्रिज बंद पडो, कुणाच्या जुन्या गाडीचं इंजिन बसो, कागद शेवटी यांच्या टेबलावर येतो आणि 'आम्हाला खेद आहे' असा मजकूर घेऊन परत जातो. एकोणीस वर्षं हे रोज दहा ते सहा खेद व्यक्त करतात आणि संध्याकाळी शीळ घालत घरी येतात.

यांची कामाची एक पद्धत आहे आणि तिचा यांना कोण अभिमान! दाव्याच्या पहिल्या पानावर तीन चौकटी असतात: गाडी किती चालली, सर्व्हिसिंगचे शिक्के आहेत का, बिघाड किती दिवसांत कळवला. मागच्या पानावर ग्राहकाने काय झालं ते स्वतःच्या हाताने लिहायचं. त्याला निवेदन म्हणतात. हे ते पान उलटतच नाहीत.

"अगं, कहाणी वाचली की माणूस विरघळतो," हे मला समजावतात. "कुणाची आई आजारी, कुणाची परीक्षा. त्याचा गिअरबॉक्सशी काय संबंध?"

तीन चौकटी बघायच्या, एक जरी अडली की शिक्का मारायचा. चार मिनिटांत एक फाइल. ग्राहकाचं नाव आणि पत्ता झाकून फाइल टेबलावर पाठवायची, ही शक्कलसुद्धा यांचीच, निःपक्षपातीपणासाठी. त्या वर्षी ऑफिसने यांना ढाल दिली. तिची धूळ मी पुसते.

आता माझं सांगते. सव्वीस वर्षं मी शाळेत शिकवते आहे. यंदा मला मुख्याध्यापिका म्हणून नेमलं, पण चाळीस किलोमीटर लांबच्या शाळेत. मला ती खुर्ची हवी होती. उगाच विनयाचा आव आणत नाही. माझ्यामागून लागलेल्या दोघांना 'सर, सर' करता करता माझे केस पांढरे झाले होते. शाळा सातला भरते आणि पहिली बस तिथे सात पंचवीसला पोचते. नेमणुकीच्या पत्रात अट अशी, की पहिल्या तीन महिन्यांत बाई तीनदा उशिरा आल्या, तर त्यांनी मुकाट्याने जुन्या वर्गावर परत जावं. म्हणून गाडी घ्यायची ठरली. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी.

जुन्या गाड्या विकणाऱ्या माणसाचं नाव मी पहिल्याच दिवशी साखरतोंड्या ठेवलं. एका पांढऱ्या गाडीवर हात ठेवून तो म्हणाला, "ताई, ही गाडी एका डॉक्टरांची. फक्त रविवारी बाहेर काढायचे."

"मग बाकीचे दिवस पेशंटकडे काय चालत जायचे?" मी विचारलं.

तो एवढा गोड हसला, की मलाच ओशाळं वाटलं. तेवढ्यात यांचं लक्ष कागदांवरच्या वॉरंटीकडे गेलं. यांच्याच कंपनीची. यांचा चेहरा असा खुलला, जसं काही नात्यातलं कुणी भेटलं.

"घे बिनधास्त," हे म्हणाले. "मी आहे ना!"

घेतली. बँकेत होतं नव्हतं ते त्या गाडीत गेलं.

पाच आठवडे गाडी शहाण्या बाळासारखी चालली. सहाव्या आठवड्यात उड्डाणपुलाच्या मधोमध मिक्सरमध्ये चमचा राहिल्यासारखा आवाज झाला, आणि त्यानंतर मी कितीही गिअर बदलले तरी गाडी जागची हलेना. मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. मी खाली उतरून एकीला म्हटलंसुद्धा, "वाजवा, त्यानेच सुरू होणार आहे." त्या दिवशी मी शाळेत आठला पोचले. दुसऱ्या दिवशी बसने, सात पंचवीसला. दोन उशीर हजेरीपुस्तकात लाल शाईने बसले आणि एकच उरला.

गॅरेजच्या मेकॅनिकने गिअरबॉक्स गेल्याचं सांगितलं. साखरतोंड्याने काखा वर केल्या. "ताई, गाडी माझी, पण गिअरबॉक्स कंपनीचा," असं तो म्हणाला, आणि त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. राहता राहिली वॉरंटी. तोवर आमच्या चित्रकलेच्या सरांनी मला रोज पहाटे स्कूटरवरून न्यायचं कबूल केलं. पन्नाशीची मुख्याध्यापिका मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन मागे बसलेली बघायला पोरं फाटकाशी जमायची. मी हसून हात हलवायची. दुसरं करणार काय?

दाव्याचा अर्ज मी भरला. मागचं पान गच्च भरून लिहिलं, समाससुद्धा सोडला नाही. मराठी शिकवण्यात जन्म गेलाय. जे झालं ते नीट, क्रमाने आणि खरं लिहिलं.

"वाचून दाखवू का?" मी यांना विचारलं.

"छे छे! मी वाचलं तर तो पक्षपात होईल," हे म्हणाले. "आणि आपली फाइल माझ्याकडे येणारच नाही. आपल्या भागातल्या गाड्या शेजारच्या टेबलावर जातात. तू निर्धास्त राहा."

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी पाकीट आलं. 'आम्हाला खेद आहे.' सर्व्हिसिंगचा दुसरा शिक्का सुवाच्य नसल्याने दावा नामंजूर. खाली सही होती. ती सही मी मुलाच्या पहिलीपासूनच्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर पाहिली आहे.

हे सात वाजता शीळ घालत आले. मी चहाच्या कपाऐवजी तो कागद पुढे ठेवला.

यांनी सही पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा सही. "शेजारचा रजेवर गेला होता," हे हळूच म्हणाले. "त्याचा गठ्ठा माझ्याकडे आला."

"माझं अक्षर नाही ओळखलंत?"

"अक्षर मागच्या पानावर असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शिक्का पुसट होता म्हणून नव्हे. ज्या पानात मी माझ्या खुर्चीबद्दल जीव तोडून लिहिलं होतं, ते या माणसाच्या हातात चार मिनिटं होतं आणि त्याला ते उलटावंसं वाटलं नाही. तसं मी तोंडावर सांगितलं. हे मान खाली घालून ऐकत राहिले. भांडण म्हणावं तर दोघांनी भांडायला हवं ना! मी एकटीच बोलून बोलून दमले.

मंगळवारी शाळेत चित्रकलेच्या सरांनी बदलीचा हुकूम दाखवला. शनिवारी त्यांचा शेवटचा दिवस. म्हणजे पुढच्या सोमवारी पुन्हा तीच बस, तेच सात पंचवीस आणि तिसरा उशीर.

बुधवारी यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. ऑफिसातून माझी फाइल घरी आणली. फाइल घरी नेणं नियमात बसत नाही, हे मी एकोणीस वर्षं ऐकत आले आहे. यांनी ती शर्टाच्या आत धरून आणली होती आणि बसमध्ये सगळा वेळ पोट दुखत असल्यासारखे वाकून बसले होते म्हणे. माझा राग निम्मा तिथेच उतरला.

"फेरविचाराचा अधिकार मला आहे," हे म्हणाले. "पुसट शिक्क्याकडे काणाडोळा करता येतो. मी गॅरेजवाल्याशी बोललोय. उद्या मंजुरी गेली तर शनिवारी गाडी दारात. फक्त फेरविचारात निवेदन वाचावं लागतं. तसा नियम आहे."

"मग वाचा ना!"

यांनी चष्मा पुसला. पान उलटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच उलटत असावेत, इतकं जपून उलटलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी समोर बसून यांचा चेहरा बघत होते. मी लिहिलं होतं, की सव्वीस वर्षांनी मला स्वतःच्या नावाची पाटी मिळाली आहे. लिहिलं होतं, की गाडी घेताना मी कचरत होते, पण नवरा 'मी आहे ना' म्हणाला आणि मी निर्धास्त झाले. तिथे यांचे डोळे भरून आले. खरंच आले. यांनी रुमाल काढला. म्हटलं, विरघळला! सव्वीस वर्षांच्या संसाराचं चीज झालं.

मग हे पुढे वाचायला लागले आणि थांबले. तेच वाक्य पुन्हा वाचलं. चेहरा हळूहळू ऑफिसातला झाला.

"हे कुणी लिहायला सांगितलं तुला?"

"काय ते?"

यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. "'दोन दिवस आधीपासून गाडीला झटके बसत होते, तरी मी तशीच चालवली, कारण मला उशीर करून चालणार नव्हतं.'"

"खरं आहे ते."

"अगं, खरंच तर घात करतं! बिघाडाची चाहूल लागल्यावर गाडी चालवली तर वॉरंटी संपते. अकरावं कलम. शिक्क्याचं काही तरी करता आलं असतं. हे तू स्वतःच्या हाताने लिहून दिलंस."

"पहिल्याच झटक्याला थांबले असते तर उशीर तेव्हाच लागला असता."

"ते बरोबर आहे गं. पण कलमात तसं नाही."

मी पानावरचं यांचं बोट बाजूला केलं. मग म्हटलं, "हे बघा. एकोणीस वर्षं तुम्ही लोकांची पानं न वाचता नामंजूर केलीत. आज एकदा, एकदाच, न वाचता मंजूर करा."

"पण आता मी वाचलंय," हे म्हणाले.

हे खोटं बोलत नव्हते. बेइमानीसुद्धा करत नव्हते. तेच तर! एखाद्याने लाच खाल्ली असती तर मी त्याला चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. हा माणूस ओल्या डोळ्यांनी माझं पान वाचत होता आणि त्याच डोळ्यांना त्यात नेमकं कलम सापडलं होतं. मला रडू आलं. यांनी तोच रुमाल मला दिला. मी घेतला नाही.

गुरुवारी मी शाळेच्या शिपाईमामांना विचारलं. ऑफिसच्या मागे एक खोली आहे, जुने नकाशे आणि मोडकी बाकं ठेवलेली. मामांनी ती झाडून दिली, एक खाट टाकली, बल्ब लावला. सोमवार ते शनिवार मी तिथे राहायचं ठरवलं. खोलीच्या दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत बावीस पावलं आहेत. बघू आता कोण उशीर लावतो.

घरात मी हे सांगितलं तेव्हा यांनी आधी जेवणाचं विचारलं, मग गॅस कसा लावायचा ते विचारलं, आणि मग माळ्यावरची माझी बॅग काढून पुसली.

रविवारी दुपारी हे माझी बॅग घेऊन थांब्यापर्यंत आले. लग्नानंतर आम्ही एवढे दिवस वेगळे कधी राहिलो नव्हतो. माझा जीव तुटत होता आणि रागही गेला नव्हता; दोन्ही एकाच वेळी होतं. बस लांबवर दिसली तेव्हा यांनी बॅग खाली ठेवली.

"मी ते पान आधीच उलटायला हवं होतं," हे म्हणाले. "उद्यापासून उलटीन. सगळ्यांची निवेदनं वाचीन. शपथ."

"वाचा," मी म्हटलं. "पण काय मंजूर करता येईल ते बघायला वाचाल, की काय अडवता येईल ते?"

बस आली. हे बॅग वर चढवून खाली उतरले, मला जागा मिळाल्याचं खिडकीतून पाहिलं, आणि बस निघेपर्यंत माझ्या प्रश्नाचा विचार करत तिथेच उभे राहिले.