तिसऱ्या मजल्यावरचं भांडण

मुकाश आबा रोज दाढी करायला लागले, तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, साखरेच्या आजारानं उजवा पाय गुडघ्याखाली गेलेला, आणि घरी येणार कोण, तर आठवड्यातून दोनदा मी. माझ्यासाठी कुणी दाढी करत नाही, हे माझा नवरासुद्धा सांगेल.

मी गुलसायरा. समुद्राएवढ्या तळ्याकाठच्या बालिकची गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं हवं-नको बघायचं, हे माझं सरकारी कचेरीतलं काम. कुणाला आंघोळ घालायची, कुणाला औषधं द्यायची, कुणाचं नुसतं ऐकून घ्यायचं. माझ्या यादीत आठ जण होते आणि त्यांतले दोघं एकाच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, समोरासमोर. एका दारात मुकाश आबा. त्यांनी तीस वर्षं तळ्याकाठच्या बंदरावर क्रेन चालवली. दुसऱ्या दारात उम्सून आपा. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या, आणि निम्म्या गावाची गुपितं त्यांच्या कानांवरून गेलेली. त्यांचे हात थरथरायचे. पेला ओठांशी नेईपर्यंत निम्मा चहा मांडीवर.

एका गुरुवारी मी आपांचं दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. आमच्या कामात दार उघडलं नाही की आधी वाईटच मनात येतं. तेवढ्यात माझ्या पाठीमागच्या, आबांच्या दारातून हसण्याचा आवाज आला. मी आबांचं दार ढकललं, तर आपा टेबलाशी ऐसपैस बसलेल्या आणि आबा त्यांच्या ओठांशी पेला धरून त्यांना चहा पाजतायत.

"ये पोरी, बस," आपा म्हणाल्या. "तळलेले बोरसोक घे, गरम आहेत. गेल्या शुक्रवारी आमचा निकाह झाला."

"काय झाला?"

"निकाह. मौलवी आला, दोन साक्षीदार आले, चहा पिऊन गेले."

"आणि मला पत्ता नाही?"

"तुला बोलावलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं," आबा म्हणाले. "आता नुसतं गप्प बसायचंय. गप्प बसणं काही पाप नव्हे."

गप्प बसायचं कारण मला कुणी सांगायची गरज नव्हती. कचेरीचा नियम असा, की ज्याला कुणी नाही त्याच्याकडेच मी जायचं. नवरा-बायको झाले की ते एकमेकांना आहेत. नावं यादीतून बाहेर. एक पाय आणि दोन थरथरते हात मिळून कचेरीच्या लेखी धडधाकट घर होतं. म्हणून यांनी सरकारी नोंद केलीच नव्हती. दोन दारं, दोन पाट्या तशाच ठेवल्या होत्या.

मी बोरसोक खाल्ला आणि गप्प बसले. महिनाभर बरं चाललं. आबा मटण बारीक कापून आपांना भरवायचे, आणि आपा त्यांच्या जखमेच्या औषधाची वेळ घड्याळापेक्षा पक्की लक्षात ठेवायच्या. मग वरून निरोप आला, की यादी तपासायला व्हेनेरा इशेनोव्हना स्वतः येणार. ही आमची साहेबीण. हिच्यासमोर कचेरीतल्या बायका स्वतःचं नाव सांगतानासुद्धा अडखळतात.

"आम्ही भांडतो," आपा म्हणाल्या. "एकमेकांचं तोंड बघत नाही असं दिसलं, की संशय येणार कुठून?"

"जरा बेतानं हं, आपा."

"चाळीस वर्षं लोकांची भांडणं तारेवर ऐकलीत मी. मला शिकवतेस?"

ठरल्या दिवशी मी साहेबीणबाईंना घेऊन जिना चढत होते. दुसरा मजलाही आला नव्हता, तोच वरून सुरू झालं.

"ए क्रेनवाल्या! तुझ्या तंबाखूचा धूर माझ्या घरात कशाला येतो?"

"धूर येत नाही, तुझंच नाक माझ्या दाराच्या फटीत असतं!"

"पाय गेला पण मस्ती गेली नाही मेल्याची!"

"आणि तुझं सगळं अंग थरथरतं, ही जीभ मात्र बघा! अजिबात नाही!"

हे शेवटचं ठरलेलं नसावं, कारण आपांना खरंच राग आला. आम्ही वर पोचलो तेवढ्यात त्यांनी पायातली सपात काढून भिरकावली. थरथरता हात तो. सपात आबांना लागायची ती सरळ साहेबीणबाईंच्या छातीशी धरलेल्या फायलीवर आपटली. बाईंनी वाकून ती उचलली, जरा वेळ बघितली, आणि कठड्यावर ठेवली. मग दोन्ही घरं पाहिली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "परिस्थिती धोक्याची आहे. यांना वेगळं करायला हवं."

तिसऱ्या दिवशी कागद आला. मुकाश आबांना स्टेशनजवळ तळमजल्यावर घर. गावाच्या दुसऱ्या टोकाला. दहा दिवसांत राहायला जायचं.

"तीन वर्षं अर्ज केले, तेव्हा माझा पाय नाही हे कुणाला दिसलं नाही," आबा म्हणाले. "हिची जीभ बरी दिसली."

"जा तू," आपा म्हणाल्या.

"मी कुठेही जात नाही."

"दोन हिवाळे जिना उतरला नाहीस. खिडकीतून तळ्याकडे बघत बसतोस, मला दिसत नाही का? जा म्हणते ना." आणि त्यांनी तोंड फिरवलं. आबांनी पेला उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ओठ उघडले नाहीत. मला तिथे उभं राहवेना. मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

निघताना आपांनी माझी बाही धरली. "उद्या मला कचेरीत ने. आणि माझा पांढरा रुमाल नीट बांधून दे. गुन्हा कबूल करायचा तर माणूस नीटनेटका पाहिजे."

कचेरीत त्यांनी खुर्चीवर बसायलाही नकार दिला. "बाई, आम्ही खोटं भांडलो. तो माझा नवरा आहे. गुलसायराला काही म्हणू नका, तिला आम्हीच गप्प बसवलं."

साहेबीणबाईंनी चष्मा काढला. "आपा, तुम्ही मला फेकून मारलीत ती सपात पुरुषाची होती. डाव्या पायाची. ज्याला एकच सपात लागते, त्याची ती तुमच्या पायात कशी, एवढं मला कळत नाही का?"

आपांचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.

"मग तुम्ही वेगळं का केलंत आम्हाला?"

"एक पाय नाही म्हणून लिहिलं, तर वरचे लोक तीन वर्षं फाईल उघडत नाहीत. मारामारीची भीती लिहिली, तर तीन दिवसांत शिक्का. घर मिळालं ना? आता ते कुणी परत घेत नाही. त्यात किती जण राहायचं, ते कागदावर लिहिलेलं नाही."

"असं आधी सांगायचं होतंत!"

"तुम्ही मला आधी सांगितलं होतंत?"

फुकट मात्र सुटका झाली नाही. बाईंनी दोघांना यादीतून काढलं नाही, पण त्यांची एकच नोंद केली, आणि दोघांकडे मिळून आठवड्यातून चारदा होणारं माझं जाणं तीनदा केलं. मला उभं करून असं झापलं, की कान गरम झाले. बाहेर आल्यावर आपा म्हणाल्या, "बाई चांगली आहे, पण पोरी, हिच्याशी पत्ते खेळू नकोस."

माझ्या नवऱ्याच्या टेम्पोतून दोघांचंही सामान नव्या घरी गेलं. त्या दिवशी उलान, आमच्याकडचा पश्चिमेचा वारा, असा सुटला होता, की आबांची टोपी रस्त्यापलीकडे गेली आणि दोन शेजारी तिच्यामागे धावले. चौथा दिवस माझा मोकळा, तरी मी जायचे. कामाला नाही, चहाला.

दुसऱ्याच रविवारी आपांचा फोन. "तुझा आबा चाकाची खुर्ची घेऊन बाहेर गेलाय. तीन तास झाले. माझे हात असे नसते ना, तर त्याला दोरीनं बांधून ठेवला असता."

मी शोधत बाजारात गेले. आबा टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यात चाकाच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर भलं मोठं खरबूज, आणि पंचवीस टनांचं लोखंड जहाजात कसं उतरवायचं ते हातवारे करून समजावत होते.

"चला घरी, आपा चिडल्यात."

"किती?"

"दोरीची भाषा करतायत."

त्यांनी खरबूज माझ्या हातात दिलं आणि खुर्ची पुन्हा घोळक्याकडे वळवली. "मग हे तू पुढे घेऊन जा. म्हणावं, मी मागून येतो, घाई नाही."